मोठ्या बायांचा किल्ला

(सामुदायिक रेडिओच्या महिला कार्यक्रमात एका बचत गटाने केलेले भाषण)



आम्ही पारनेर तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटातल्या बाया. गटात आम्ही बारा जणी. सर्वात धाकटी पंचवीस वर्षांची, सर्वात थोरल्या आत्याबाई पासष्टीच्या पुढच्या. याच कार्यक्रमात आम्ही मागे शेळीपालनावर बोललो, कांदा चाळीवर बोललो. आज कर्जाचं नाही, हप्त्याचं नाही. आज आम्ही खेळाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आम्हीही आधी हसलोच होतो.

झालं असं. आमच्यातली एक जण पुण्याला बहिणीकडे गेली होती. बहिणीचे मालक, म्हणजे तिचे दाजी, नुकतेच नोकरीतून निवृत्त झालेले. गेली तर दाजी खिडकीशी टेबलावर वाकून बसलेले. समोर एक खोकं, त्यात राखाडी प्लास्टिकच्या चौकटी, आणि चौकटीला चिकटलेले बारीक बारीक तुकडे. प्रत्येक तुकड्याला नंबर. एक एक तुकडा कापून काढायचा, त्याची कड घासायची, चिकटवायचा, वाळला की रंगवायचा. दाजी विमान जोडत होते. खऱ्या विमानाच्या बरोबर ७२ पट लहान. पंख, चाकं, पायलटची खुर्चीसुद्धा मापात.

हिनं विचारलं, "दाजी, नातवासाठी का?" ते म्हणाले, "नाही, माझ्यासाठी. आठवीत असताना मामानं असं एक खोकं आणलं होतं. अर्धं जोडलं, तेवढ्यात परीक्षा आली, मग कॉलेज, मग नोकरी. ते राहिलंच."

आम्ही नंतर माहिती काढली. असे विमानांचे प्लास्टिकचे संच इंग्लंडमध्ये १९३६ साली फ्रॉग या नावानं विकायला निघाले. त्यांचंही माप ७२ पटच. तेव्हापासून जगभर मुलं ते जोडत आली. आणि त्यातली कित्येक मुलं साठीला आली की पुन्हा त्याच खेळाकडे वळतात. तिकडं त्यांना कुणी वेडं म्हणत नाही.

महिन्याच्या बैठकीत हिनं हे सगळं सांगितलं. सगळ्या हसलो. मग एकीनं विचारलं, "आपलं काय अर्धं राहिलंय गं?"

कुणी म्हणालं सागरगोटे, कुणी म्हणालं पोहणं. आणि तिघी-चौघींच्या तोंडून एकदम निघालं, दिवाळीचा किल्ला.

मैत्रिणींनो, आपल्याकडे विमानाचे संच कुणी पाहिले नव्हते, पण लहानपणी मापाची वस्तू बनवायचा खेळ आपल्याकडे होताच. घरोघरी अंगणात दगड-विटा रचायच्या, त्यावर पोतं टाकायचं, चिखल लिंपायचा, हळीव नाहीतर मोहरी पेरायची. पण तो किल्ला कुणाचा? भावाचा. आम्ही काय केलं? माती चाळली, पाणी आणलं, शेण आणलं. थोडा रंग यायला लागला की आतून हाक, "चल गं, करंज्यांना मुरड घालायला बस." भाऊ तटावर मावळे मांडायचा आणि आपण खिडकीतून बघायचो. करंज्या वाईट नव्हत्या. पण किल्ला अर्धा राहिला, हे खरं.

मग ठरलं, या दिवाळीत आपण किल्ला करायचा. मुलांसाठी नाही, आपल्यासाठी.

ठरवणं सोपं, करणं अवघड. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे कांद्याची लागण चालू असते, ज्वारीची खुरपणी असते, घरात फराळ असतो. एकीच्या घरून निरोप आला, "सुनेला सांगा, पोरखेळ बास." एकीचे मालक म्हणाले, "गटाचा पैसा मातीत घालणार का?" हा प्रश्न बरोबर होता. म्हणून आम्ही ठरावच केला की गटाच्या बचतीतला एक रुपया वापरायचा नाही. प्रत्येकीनं २० रुपये वेगळे काढायचे, म्हणजे २४० रुपये झाले. चुना, गेरू, सुतळी एवढंच विकत. बाकी सगळं घरचं.

सर्वात जास्त विरोध आत्याबाईंचा. त्या म्हणाल्या, "मातीत हात घालायची एवढी हौस असंल तर माझ्या वावरात या. दोन वाफे तरी लागतील." आणि उठून गेल्या. आम्हाला वाईट वाटलं, पण त्या थोरल्या, कोण बोलणार?

पुढचा प्रश्न, किल्ला कुठला? रायगड, शिवनेरी, प्रतापगड ही नावं आलीच. आमच्या अंगणवाडीताई म्हणाल्या, "आपल्या नगरचा भुईकोट का नको?" आता नगरला आम्ही शंभर वेळा गेलो असू. दवाखान्यात, कोर्टात, बाजाराला. पण किल्ला आतून पाहिलेली बारा जणींत एकही नव्हती.

म्हणून एका रविवारी एस. टी. नं गेलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे आधी चौकशी करून आणि सगळ्यांनी आधार कार्ड घेऊन जावं. डोंगरावरचा किल्ला वेगळा, त्याला डोंगरच राखतो. हा सपाट जमिनीवरचा. त्याला राखायला माणसानं केलेल्या दोनच गोष्टी, तट आणि खंदक. किल्ला जवळजवळ गोल आहे. घेर सुमारे १७०० मीटर, तटाची उंची सुमारे १८ मीटर, खंदक सुमारे ३० मीटर रुंद आणि ४ ते ६ मीटर खोल. बुरूज विसाच्या वर.

अहमद निजामशहानं १४९० च्या सुमारास इथं शहर वसवलं, त्याच काळात किल्ल्याचा पाया पडला. आजचा दगडी तट त्याच्या नातवानं, हुसेन निजामशहानं, १५५९ नंतर बांधून घेतला. पुढं १९४२ च्या 'छोडो भारत' चळवळीत इंग्रजांनी पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद अशा मोठ्या पुढाऱ्यांना इथंच कैदेत ठेवलं. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे पुस्तक नेहरूंनी १९४४ साली इथल्या कोठडीत लिहिलं.

पण आम्हाला सर्वात जवळची वाटली ती चांदबिबी. ती त्याच हुसेन निजामशहाची लेक. विजापूरच्या आदिलशहाला दिलेली. १५८० साली विधवा झाली, तिथला कारभार सांभाळला, पुढं माहेरी आली. म्हणजे हा किल्ला तिच्या बापानं बांधलेला, तिच्या माहेरचा. १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला आणि वेढा पडला. मोगलांनी तटाखाली भुयारं खणून दारू भरली. किल्ल्यातल्यांनी काही भुयारं शोधून निकामी केली, पण एक उडालं. फेब्रुवारी १५९६ मध्ये तटाला मोठं भगदाड पडलं. लोक पळायला लागले. तेव्हा चांदबिबी चेहऱ्यावर बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन भगदाडात उभी राहिली. दिवसभर लढाई झाली. आणि रात्री तिनं माणसं लावून तट पुन्हा उभा केला. सकाळी मोगल बघतात तर भिंत परत जागेवर. शेवटी तह झाला, वऱ्हाड द्यावं लागलं, पण किल्ला राहिला. पुढं १६०० साली, ती मोगलांना फितूर झाली अशा संशयानं तिच्याच माणसांनी तिला मारलं. त्यानंतर किल्ला पडला.

एक सांगतो. नगरजवळच्या डोंगरावर जो 'चांदबिबीचा महाल' म्हणतात, तो तिचा महाल नव्हे. ती सलाबतखानाची कबर आहे. चांदबिबीची खरी खूण बघायची तर हा तट बघावा.

येताना रणगाड्यांचं संग्रहालयही पाहिलं. आणि घरी येऊन मापाला बसलो.

मैत्रिणींनो, या खेळाचा सगळा जीव मापात आहे. दाजींचं विमान ७२ पट लहान, म्हणजे त्यातली प्रत्येक वस्तू ७२ पटच लहान. पंख छोटा आणि चाक मोठं असं चालत नाही. आम्ही आधी किल्ला ५०० पट लहान धरला. १७०० मीटरच्या घेराचे ३४० सेंटिमीटर झाले. तट निघाला साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दोन बोटं. एक जण म्हणाली, "हा किल्ला आहे का थालीपीठ?" बाकीच्या म्हणाल्या, तट उंच करू, कोण मोजतंय? पण ज्या नवव्या इयत्तेतल्या मुलीला आम्ही हिशेबाला बसवलं होतं, तिनं ऐकलं नाही. ती म्हणाली, "मग सगळंच दुप्पट करा."

म्हणून माप धरलं २५० पट. म्हणजे खऱ्या १ मीटरला आपले ४ मिलिमीटर. तट ७ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं. खंदकाची रुंदी १२ सेंटिमीटर, म्हणजे सहा बोटं. घेर पावणेसात मीटर. गोल आखायला मधोमध खुंटी ठोकायची आणि सुतळी बांधून फिरवायची. सुतळी किती लांब? १०८ सेंटिमीटर, म्हणजे दोन हात आणि आठ बोटं. टेप नव्हता तरी अडलं नसतं.

आणि या मापात माणूस केवढा? तांदळाच्या दाण्याएवढा. बाजारातले मावळे असतात आठ सेंटिमीटरचे. ते आमच्या किल्ल्यात ठेवले असते तर खऱ्या हिशेबानं वीस मीटरचे राक्षस झाले असते, तटापेक्षाही उंच. म्हणून आम्ही मावळे ठेवलेच नाहीत. भगदाडाच्या जागी फक्त तांदळाचा एक दाणा उभा केला. ती चांदबिबी. लोकांना हुडकून दाखवावी लागायची, पण एकदा दिसली की तट केवढा मोठा आहे ते लगेच कळायचं.

आता मातीचं. आमची पहिली चूक इथंच झाली. आम्ही नुसती काळी माती घेतली, छान चिकट म्हणून. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. दोन दिवसांत तटाला भेगा. मग मुरूम चाळून घातला, पण तट आम्ही भिंतीसारखा सरळ उभा केला होता. ही दुसरी चूक.

काम रोज रात्री जेवणं झाल्यावर एक तास. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत. त्या तासाबद्दल काय सांगावं? बैठकीत आपण बोलतो ते पैशाचं. रानात बोलतो ते कामाचं. इथं हात चिखलात, तोंड मोकळं. एकीनं तिच्या दुखण्याचं सांगितलं, जे तिनं घरी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघी तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. हे किल्ल्यासाठी झालं असं नाही, पण किल्ल्याशी बसलो नसतो तर कळलंही नसतं.

वसुबारसेच्या आदल्या रात्री पाऊस आला. परतीचा पाऊस, तुम्हाला माहीतच आहे, काढलेला चारा भिजवणारा. एक तास कोसळला. आम्ही ताडपत्री घेऊन पळालो तोवर पूर्वेकडचा सगळा तट खंदकात बसला होता. बुरूज तर गुळासारखे विरघळले. नऊ वाजून गेले होते. आम्ही सहा-सात जणी चिखलात उभ्या. एक म्हणाली, "जाऊ द्या गं, झाली हौस." कुणाला रडू आलं ते अंधारात दिसलं नाही.

तेवढ्यात बॅटरीचा उजेड दिसला. आत्याबाई. डोक्यावर पोत्याची खोळ, काखेत एक गाठोडं. गाठोड्यात गव्हाचा भुसा आणि थोडं शेण. त्यांनी काही विचारलं नाही. पदर खोचला, खाली बसल्या आणि माती मळायला लागल्या. म्हणाल्या, "भिंत सरळ का उभी केली? पायाला फुगवा. खाली रुंद, वर निमुळती. मातीची दरड सरळ कधी उभी राहती का?"

मग मळता मळता त्यांनीच सांगितलं. लहानपणी त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून किल्ला करायचे. गावात त्यांच्यासारखा किल्ला कुणाचा नसायचा. भुसा घालायची युक्ती त्यांचीच. तेराव्या वर्षी आई म्हणाली, आता बास, लोक काय म्हणतील. पुढच्या वर्षी लग्न झालं. भाऊ पुढं विहिरी खोदायच्या कामाला जायचा. एका उन्हाळ्यात दरड कोसळली आणि तो त्यात गेला. तेव्हापासून दिवाळीला आत्याबाई मातीकडे बघतही नव्हत्या. आम्ही इतकी वर्षं एका गटात, त्यांचा भाऊ कसा गेला ते आम्हाला माहीत होतं, पण किल्ल्याचं माहीत नव्हतं. त्यांचा राग आमच्यावर नव्हता, हे त्या रात्री समजलं.

कुणी काही बोललं नाही. एकीनं त्यांच्या हातावर पाणी घातलं आणि आम्ही कामाला लागलो. मोबाईलच्या उजेडात, रुंद पाया घेऊन, भुशाची माती थापत. साडेबारापर्यंत तट उभा राहिला. नववीतली मुलगी पट्टी घेऊन मोजत होती. चार बोटं बरोबर. कुणाच्या तरी मनात चांदबिबी आली असणार, कारण एक जण म्हणाली, "सकाळी मोगल बघतील तर भिंत जागेवर." तेव्हा आत्याबाई पहिल्यांदा हसल्या.

दिवाळीत सगळा गाव येऊन गेला. ज्यांनी पोरखेळ म्हटलं होतं तेही आले. आमच्या मुलांनी विचारलं, "आम्ही काय करू?" आम्ही म्हणालो, "पाणी आणा आणि माती चाळा." मग दोन दिवसांनी त्यांनाही बुरूज दिले. एवढा सूड पुरे.

आता तुमच्या गटाला करायचं असेल तर आमच्या चुका वाचवा. आम्ही शिकलो ते असं:

पहिलं, माती. दोन भाग मुरूम किंवा पांढरी माती, एक भाग काळी, त्यात मूठभर भुसा आणि थोडं शेण. एक दिवस भिजत ठेवा, मग मळा.

दुसरं, भिंत पायाला रुंद ठेवा. लेप एकदम जाड देऊ नका. पातळ थर द्या, तो सुकला की दुसरा.

तिसरं, खंदकात पाणी ठेवायचं असेल तर खताच्या गोणीच्या आतला प्लास्टिकचा कागद खाली अंथरा आणि त्याच्या कडा मातीत दाबा. नाहीतर पाणी तटाच्या पायात मुरतं.

चौथं, हिरवळीसाठी हळीव किंवा मोहरी दिवाळीच्या पाच-सहा दिवस आधी पेरा. गहू टाकणार असाल तर आठवडाभर आधी.

पाचवं, माप आधी कागदावर घ्या, आणि ते काम शाळेतल्या मुलीला द्या. प्रमाण आणि गुणोत्तराचं गणित तिला पुस्तकात जड जातं, इथं जात नाही.

सहावं, पैसे वेगळे काढा आणि वेळ ठरवून घ्या. रोज एक तास, जास्त नाही. म्हणजे घरी उत्तर देता येतं आणि तासही आपला राहतो.

किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवला. मग आत्याबाईंनीच पहिली कुदळ मारली. ती माती आम्ही वाटून घेतली आणि परसातल्या वाफ्यांत टाकली. त्यांच्या वाफ्यात आता मेथी आहे.

या वर्षी खर्ड्याचा भुईकोट करायचा की हरिश्चंद्रगड, यावर बैठकीत दोन पक्ष पडलेत. हरिश्चंद्रगड झाला तर कोकणकडा कसा उभा करायचा, ते अजून ठरत नाही. आत्याबाई म्हणतात, "पायाला फुगवून कडा होत नसतो. त्याला दगडच लागंल." दगड शोधायला त्या स्वतः ओढ्याला जाऊन आल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हा एक प्रश्न विचारून बघा, आपलं काय अर्धं राहिलंय? कुणाचा किल्ला असेल, कुणाची गोधडी, कुणाची सायकल. उत्तर लगेच येणार नाही. थोडं थांबा. आणि जी उठून जाईल, तिची वाट बघा.